चिमटा एक, कामे अनेक : शस्त्रक्रियेच्या फोर्सेप्सची ओळख आणि पारख

कापडाच्या व्यापाऱ्याने डॉक्टरी हत्यारांवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. पण या हत्यारांशी माझी ओळख कापडामुळेच झाली, आणि ती सुद्धा नुकसान सोसून झाली. म्हणून आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर ही हकिगत मांडत आहे.

पैनगंगेच्या काठचे आमचे देऊळघाट बुलढाण्याच्या जवळचे. साड्या, लुंग्या, शर्टिंग यांच्या जोडीला मी काही वर्षे दवाखान्यांना लागणारे हिरवे कापड, चादरी आणि गॉजचे ताके पुरवीत असे. जिल्ह्यातीलच एका खाजगी दवाखान्याने एकदा माझ्या हिरव्या चादरींचा अख्खा गठ्ठा परत पाठविला. प्रत्येक चादरीच्या कडेला फाटलेली छिद्रे होती. चिठ्ठीत लिहिले होते, ‘कापड कच्चे आहे, बिल मिळणार नाही.’

मी तोच ताका घेऊन दवाखान्यात गेलो. सूत, वीण, वजन सर्व दाखविले. ऑपरेशन थिएटरच्या वयस्क सिस्टर समजदार होत्या. त्यांनी एका ट्रेमधून कात्रीसारख्या आकाराची, पुढे दोन अणकुचीदार टोके असलेली चिमटी काढली आणि म्हणाल्या, “चाचा, हिला टॉवेल क्लिप म्हणतात. पेशंटच्या अंगावर चादरी जागच्या जागी राहाव्यात म्हणून ही लावतात.” चिमटी मिटली तेव्हा दोन्ही टोके समोरासमोर न येता एकमेकांच्या बाजूने निसटली. कापडाला टोचण्याऐवजी ती कापड ओरबाडत होती. दोष कापडाचा नव्हता, झिजलेल्या क्लिपचा होता.

मी सुटकेचा श्वास घेतला. पण सिस्टरांनी दुसरे हत्यार हातात घेतले. त्याचे नाव आर्टरी फोर्सेप्स. मिटल्यावर त्याचे दात एकमेकांत अडकून राहायला हवे होते, पण तळहातावर हलकेच आपटताच ते आपोआप उघडले. त्या म्हणाल्या, “चादर फाटली तर दुसरी मिळेल. रक्ताची नळी धरलेली असताना ही सुटली तर?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी या हत्यारांची माहिती जमा करू लागलो.

सांडशीपासून सुरुवात

फोर्सेप्स म्हणजे पकडण्याचे हत्यार. आपल्या घरात गरम पातेले उतरविण्याची सांडशी असते, तिचेच हे भाऊबंद. सांडशी हा शब्दच संस्कृत ‘संदंश’ या शब्दावरून आला आहे, आणि सुश्रुताच्या ग्रंथात संदंश हे शस्त्रवैद्याच्या यंत्राचे नाव आहे. सुश्रुत संहितेत १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत. त्यापैकी २४ स्वस्तिक यंत्रे ही आजच्या फोर्सेप्ससारखी, मध्ये खिळ्याने जोडलेली असून त्यांना प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडांवरून नावे दिली आहेत. सिंहमुख, काकमुख, कंकमुख अशी ती नावे. यात कंकमुख सर्वांत उत्तम म्हटले आहे, कारण ते सहज आत जाते, पक्के धरते आणि सहज बाहेर येते. आज हाड धरण्याच्या एका फोर्सेप्सला डॉक्टर ‘लायन फोर्सेप्स’ म्हणतात. नाव इंग्रजी झाले, पण सिंहाचा जबडा तोच राहिला.

त्यानंतर अंदलुसचे हकीम अबुल कासिम अल-जहरावी यांचा उल्लेख करावा लागतो. इसवी सन ९३६ च्या सुमारास कुर्तुबा, म्हणजे आजच्या स्पेनमधील कॉर्डोबा शहराजवळ त्यांचा जन्म झाला आणि १०१३ च्या सुमारास इंतकाल झाला. त्यांच्या ‘किताब अल-तसरीफ’ या ग्रंथाचे ३० भाग असून शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यात सुमारे २०० हत्यारांची चित्रे दिलेली आहेत. दात उपटण्याचे चिमटे, घशात अडकलेली वस्तू काढण्याची साधने, बाळंतपणातील अवजारे, असे सर्व काही त्यात आहे. बाराव्या शतकात या भागाचे लॅटिनमध्ये भाषांतर झाले आणि युरोपातील सर्जन शेकडो वर्षे त्यावर शिकले. चित्रे काढण्यात मोठा फायदा हा की, वाचणाऱ्याला आपल्या गावच्या लोहाराकडून तसे हत्यार बनवून घेता येते.

याच्या उलट गोष्ट इंग्लंडच्या चेंबरलेन घराण्याची आहे. सतराव्या शतकात या घराण्याने अडलेल्या बाईची सुटका करण्याचा फोर्सेप्स तयार केला, पण शंभर वर्षांहून अधिक काळ तो घरातील गुपित म्हणून लपवून ठेवला. त्यांच्या जुन्या घराच्या फरशीखाली दडविलेली ती हत्यारे १८१३ साली सापडली. घराण्याने पैसा कमावला, पण मधल्या काळात किती माता आणि बालके दगावली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. हुनर लपविणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

प्रकार आणि उपयोग

आज बाजारात फोर्सेप्सची शेकडो नावे आहेत. नवख्या माणसाने दोनच गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे हत्यार कात्रीसारखे बोटांच्या कड्यांचे आहे की चिमटीसारखे दोन पट्ट्यांचे. दुसरी गोष्ट म्हणजे त्याला कुलूप, म्हणजे कड्यांजवळ दातांची पट्टी आहे किंवा नाही.

डिसेक्टिंग फोर्सेप्स : ही साधी चिमटी असते. सर्जन डाव्या हातात ती धरून उजव्या हाताने शिवतो किंवा कापतो. तिचे दोन प्रकार आहेत, दात असलेली आणि बिनदाताची. कातडी शिवताना दाताची चिमटी घेतात, कारण निसरडी चिमटी पकड राहावी म्हणून जास्त दाबावी लागते आणि त्याने कातडी चेचते. आतडे, रक्तवाहिनी यांसारख्या नाजूक भागांना मात्र बिनदाताचीच चिमटी वापरतात. दात तेथे छिद्र पाडतील. रेशमी थानाला आपण जाड टाचणी लावत नाही, तसेच हे आहे.

आर्टरी फोर्सेप्स : हे थिएटरमधील सर्वांत जास्त वापरले जाणारे हत्यार आहे. कापलेल्या रक्तवाहिनीचे तोंड धरून रक्त थांबविणे हे त्याचे काम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचे स्पेन्सर वेल्स आणि पॅरिसचे पेआं यांनी कुलूप असलेल्या फोर्सेप्सचा वापर रूढ केला. त्यापूर्वी धरून ठेवायला मदतनीसाचे बोट लागे. कुलूप आल्यावर सर्जनचे दोन्ही हात मोकळे झाले आणि पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया करणे सोपे झाले. हे सरळ आणि वाकडे, ५ इंचीपासून ८ इंचीपर्यंत आणि त्याहून लांबही मिळतात. सर्वांत नाजूक तो मॉस्किटो. लहान मुलांच्या आणि बारीक कामाच्या शस्त्रक्रियेत तो वापरतात. टोकाला दात असलेला तो कोखर. स्वित्झर्लंडचे डॉ. कोखर यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते, त्यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याची पकड घट्ट असते, म्हणून जाड आणि निसटणाऱ्या भागासाठी तो घेतात.

ॲलिस आणि बॅबकॉक : हे दोन्ही शरीराचा भाग धरून उचलण्यासाठी आहेत. ॲलिसच्या टोकाला बारीक दातांची रांग असते. जो भाग कापून काढायचाच आहे, किंवा जो मजबूत पडदा आहे, त्याला तो लावतात. बॅबकॉकचे टोक पोकळ आणि गुळगुळीत असते. अपेंडिक्स, आतडे, गर्भनलिका यांना तो इजा न करता धरतो. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेत नळी उचलायला हाच कामाला येतो. दोघांची अदलाबदल केली तर हत्यार तेच, पण परिणाम उलटा होतो.

ग्रीन-आर्मिटेज : सिझेरियनच्या वेळी गर्भाशयाच्या कापलेल्या कडा धरून रक्त थांबविण्यासाठी रुंद टोकाचा हा फोर्सेप्स वापरतात. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या डॉक्टरांनी कलकत्त्याच्या ईडन हॉस्पिटलात काम केले होते.

स्पंज होल्डर आणि चीटल : लांब दांड्याच्या टोकाला दोन खाचदार कडी असली की तो स्पंज होल्डर. गॉजची घडी धरून शस्त्रक्रियेपूर्वी कातडीवर औषध लावायला आणि आत साचलेले रक्त टिपायला तो लागतो. चीटल फोर्सेप्स पुढून वाकडा, मोठा आणि बिनकुलुपाचा असतो. निर्जंतुक डब्यातून सामान हात न लावता काढून देणे एवढेच त्याचे काम. तो पेशंटला लावायचा नसतो.

नीडल होल्डर : हा दिसायला आर्टरीसारखा, पण जबडा आखूड आणि जाड, आतून जाळीदार. शिवणाची वाकडी सुई यात धरतात. घाईत आर्टरीनेच सुई धरण्याची काहींना सवय असते. त्याने आर्टरीचा जबडा वाकतो आणि मग ती रक्तवाहिनीला नीट बसत नाही. महागड्या नीडल होल्डरच्या जबड्यात टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. असे हत्यार ओळखू यावे म्हणून त्याची कडी सोनेरी ठेवतात.

दाताचे फोर्सेप्स : यांना कुलूप नसते. वरच्या पुढच्या दातांचे फोर्सेप्स सरळ, तर खालच्या दातांचे चोचीजवळ काटकोनात वळलेले असतात. वरच्या दाढेसाठी उजवा आणि डावा असे वेगळे नग घ्यावे लागतात. या दाढेला गालाकडून दोन मुळे असतात आणि फोर्सेप्सच्या एकाच चोचीला त्या दोन मुळांमध्ये बसणारे टोक असते. ते टोक नेहमी गालाकडेच यायला हवे. म्हणून संच मोजून घेताना एक नग कमी दिसला तर ‘एकाने भागेल’ असे म्हणता येत नाही.

कान, नाक, घसा : कानासाठी मगरीच्या तोंडासारखा बारीक क्रोकोडाइल फोर्सेप्स असतो. त्यात मागचा दांडा स्थिर राहतो आणि फक्त टोकाचा जबडा उघडतो, कारण कानाच्या बोगद्यात पसरायला जागा नसते. मॅगिल फोर्सेप्स भूल देणारे डॉक्टर वापरतात. श्वासाची नळी घशात नीट बसविणे आणि अडकलेली वस्तू काढणे ही त्याची कामे. येथे एक विनंती आहे. मुलाने नाकाकानात मक्याचा दाणा किंवा चिंचोका घातला, तर घरच्या चिमट्याने काढू नये. गोल वस्तू चिमट्याखालून निसटून आणखी आत जाते. सरळ डॉक्टरांकडे न्यावे.

बाळंतपणाचे फोर्सेप्स : हे दोन सुट्या पात्यांचे असतात. बाळाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक पाते बसवून मग ती जोडतात. १८४८ च्या सुमारास एडिंबरोच्या डॉ. सिम्पसन यांनी केलेला नमुना आजही त्यांच्या नावाने चालतो. राइगलीचा आखूड फोर्सेप्स डोके अगदी खाली आल्यावर लावतात. आता पुष्कळ ठिकाणी व्हॅक्यूम किंवा सिझेरियनचा मार्ग घेतात, पण शिकलेल्या हातात हे हत्यार अजूनही मौल्यवान आहे.

माल पारखावा कसा?

आता व्यापाराची गोष्ट. वरील माहिती जमल्यावर मलाही मोह झाला की कापडाबरोबर हा माल ठेवावा. एक फिरता विक्रेता स्वस्तात आर्टरी देत होता. चकाकी आरशासारखी होती. मी दोन डझन घेतले. सिस्टरांना दाखविले तर २४ पैकी ९ नग नापास झाले. विक्रेता पुन्हा दिसला नाही. ते नऊ नग मिसळून विकता आले असते, कोणाला कळलेही नसते. पण सिस्टरांचा तो प्रश्न कानात होता. मी ते भंगारात टाकले, तेही कडी मोडून, म्हणजे पुन्हा बाजारात येऊ नयेत. त्या वेळी सिस्टरांनी शिकविलेल्या कसोट्या अशा :

१. मिटलेले टोक उजेडासमोर धरा. दोन्ही जबडे टोकाकडून आधी भेटले पाहिजेत. मध्ये फट दिसली तर नग बाजूला ठेवा.

२. कुलपाच्या पहिल्या दातावर मिटवून तळहातावर हलकेच आपटा. उघडला तर तो नापास.

३. नीडल होल्डरमध्ये सुई धरून कुलपाच्या दुसऱ्या दातावर लावा. सुई बोटाने फिरली तर जबडा झिजला आहे.

४. सांधा निरखून पाहा. एक दांडा दुसऱ्याच्या पोटातून ओवलेला असेल तर त्याला बॉक्स जॉइंट म्हणतात. तो महाग पण हलत नाही. स्क्रूने जोडलेला स्वस्त असतो आणि लवकर ढिला होतो. सांध्यात केसाएवढी चीर असली तरी नग घेऊ नये.

५. दाताच्या चिमटीचे दात एकमेकांत अचूक बसतात का पाहा. टॉवेल क्लिपची टोके समोरासमोर येतात का, हेही पाहा. माझ्या चादरी आठवा!

चुंबकाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ‘चुंबक चिकटला म्हणजे स्टील खोटे’, असे भांड्यांच्या बाजारात म्हणतात. फोर्सेप्सच्या बाबतीत ते उलट आहे. याचे स्टील साधारण १२ ते १४ टक्के क्रोमियमचे आणि पाणी देऊन कडक करता येणारे असते. बाजारात ते ४२० किंवा ४१० नंबरने ओळखले जाते, आणि त्याला चुंबक चिकटतोच. भांड्याचे ३०४ नंबरचे स्टील गंजायला अधिक कठीण, पण त्याला तसे पाणी देता येत नाही. त्याच्या आर्टरीची पकड टिकत नाही.

निगा

हत्यार बिघडते ते बहुधा वापरल्यानंतर. रक्त वाळू देऊ नये. सांधे आणि कुलपे उघडून, सौम्य साबणाच्या पाण्यात, मऊ ब्रशने धुवावे. ब्लीचिंगचे पाणी आणि सलाइन हे स्टीलचे दुश्मन आहेत, त्यांच्यामुळे बारीक खड्डे पडतात. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचे पाणी शुद्ध असावे. तांबूस डाग दिसला तर पेन्सिलच्या खोडरबराने घासून पाहा. डाग निघून खाली गुळगुळीत असेल तर तो फक्त डाग. खड्डा राहिला तर तो गंज. सांध्याला मशीनचे तेल देऊ नये, कारण त्याच्या थराखाली वाफ पोहोचत नाही. त्यासाठी पाण्यात मिसळणारे खास वंगण मिळते. नंतर ऑटोक्लेव्हमध्ये, कुलूप उघडे ठेवूनच, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे वाफ द्यावी. नुसते उकळल्याने सर्व जंतूंचे बीज मरत नाही.

आणि मोजणी. जेवढी हत्यारे टेबलावर गेली तेवढी परत आली का, हे जखम शिवण्यापूर्वी मोजायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली दिलेल्या शस्त्रक्रियेच्या तपासणी यादीत ही मोजणी सांगितली आहे. दुकान बंद करताना आपण गल्ला मोजतो, येथे माणसाचा जीव मोजला जातो.

कारागिरांसाठी

जर्मनीचे टुटलिंगन हे छोटे शहर या हत्यारांसाठी जगात मशहूर आहे. आशियात सियालकोटचे नाव आहे. तेथे पूर्वी तलवारी आणि खंजीर बनविणारे कारागीर होते. मिशन हॉस्पिटलची बिघडलेली हत्यारे दुरुस्त करता करता ते तशीच नवीन बनवू लागले आणि पुढे त्यातून जगभर निर्यात करणारा धंदा उभा राहिला. आपल्या महाराष्ट्रातही अशी नजीर आहे. मिरजेच्या शिकलगार घराण्याने हत्यारांची कारागिरी सोडून एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे बनविणे सुरू केले आणि मिरजेचे नाव झाले. हात तोच, लोखंडाऐवजी भोपळा आला.

म्हणून आपल्या शिकलगार आणि लोहार बांधवांना सांगणे आहे की सुरुवात दुरुस्तीपासून करावी. कात्र्यांना धार लावणे, जबडे सरळ करणे, कुलूप घट्ट करणे, क्लिपची टोके जुळविणे, ही कामे तालुक्याच्या गावात कोणी करीत नाही. दवाखाने हत्यारे मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटला पाठवितात किंवा झिजलेलीच वापरतात. माझ्या चादरी फाडणाऱ्या त्या क्लिप आमच्याच ओळखीच्या एका कारागिराने कानस लावून जुळवून दिल्या आणि माझे अडकलेले बिलही सुटले.

पण दोन गोष्टी कधी करू नयेत. चिरलेला सांधा वेल्ड करून देऊ नये, आणि निघालेल्या मुलाम्यावर नवीन मुलामा चढवू नये. त्याचे पापुद्रे जखमेत पडतात. अशा वेळी गिऱ्हाइकाला ‘हे फेकून द्या’ असे सांगण्याची हिंमत पाहिजे.

ज्यांना माल विकायचा आहे त्यांनी कायदाही पाहावा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. विक्रीसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी लागते. पक्के बिल घ्यावे, पक्के बिल द्यावे, आणि कोणता माल कोठून आला याची वही ठेवावी. फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेल्या मालाला वारस नसतो, हे मी नऊ नगांची किंमत देऊन शिकलो.

कापडात दोष निघाला तर गिऱ्हाईक दुकानावर येऊन भांडते. या मालातील दोष ज्याला भोगावा लागतो तो त्या वेळी बेशुद्ध असतो, त्याला दुकानाचे नावही माहीत नसते. म्हणून या धंद्यात गिऱ्हाइकाच्या वतीने तक्रार आपणच आपल्याकडे करायची असते, आणि तीही माल विकण्याआधी.